एसटीत मांडी आपली नसते

परतवाड्याच्या स्टँडवर मेळघाटातल्या धारणीची गाडी लागली. मी खिडकीची जागा धरून बसतेय तोच एका बाईनं माझ्या मांडीवर तिचं लेकरू ठेवलं. "धरा वो ताई जरासक," म्हणाली आणि दुसऱ्या पोराला नि पिशव्यांना वर घ्यायला परत दारात गेली. पाच-सहा महिन्यांचं बाळ, डोक्याला आईचा स्कार्फ दोन वेढे देऊन बांधलेला. गाडी सुटली तरी ते माझ्याकडेच राहिलं, कारण तिला बसायला जागाच मिळाली नव्हती.

प्रवासात काय विणायला घ्यावं याचा मी बराच विचार करते, आणि तो मागच्या वर्षीपासून. तेव्हा अमरावतीहून यवतमाळला जाताना मी स्वेटरची पाठ घेऊन निघाले होते. वेणीची वीण, आठ ओळींचा नमुना, कागदावर टाके मांडलेले. तासाभरात कागद खिडकीतून उडाला. बडनेऱ्याच्या पुढे खड्ड्यात गाडी आपटली, ॲल्युमिनियमची सुई टाक्यांतून सरळ निसटली आणि चौदा टाके चार-चार ओळी खाली उसवले. लोकरीचा गुंडा सीटखालून घरंगळत मागच्या रांगेपर्यंत गेला. तिथे खाली खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या होत्या. तेवढी लोकर कापून टाकावी लागली. त्या संध्याकाळी मला खरंच रडू आलं होतं.

म्हणून या वेळी एकच काम नेलं: माझ्या भाचीच्या बाळासाठी टोपडं. मऊ लोकरीचा एक गुंडा, हळदी रंगाचा. एसटीतल्या उजेडात गडद लोकरीचे टाके दिसत नाहीत, आणि पांढरी लोकर धुळीनं दोन तासांत मळते. आठ नंबरची, म्हणजे चार मिलिमीटरची, वायरवाली बांबूची गोल सुई. बांबूवर टाका धरून राहतो, आणि सुया वायरीनं जोडलेल्या असल्यामुळे एक हातातून पडून हरवण्याची भीती नसते. ८४ टाके, दोन सुलट दोन उलट, गोल गोल. मोजायचं काही नाही, लिहून ठेवायचं काही नाही. गुंडा कापडी पिशवीत, पिशवी मनगटाला, काम छातीपाशी. मांडी मोकळी.

आणि त्या मोकळ्या मांडीवर हे बाळ. त्यानं आधी लोकरीचा धागा पकडला, मग माझी करंगळी, आणि करंगळी काही सोडेना. मी एका हातानं त्याला धरून, दुसऱ्या हातानं जमेल तसे टाके घेत राहिले. आई शेजारी दांड्याला धरून उभी. मोठ्या पोराशी कोरकूत बोलत होती, माझ्याशी वऱ्हाडीत.

"काय विणून राह्यल्या वो?"

"टोपडं."

"कोनासाठी?"

मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "याच्या डोक्याले येईन काय?"

गोल सुईची हीच गंमत आहे, काम चालू असतानाही ते डोक्यावर चढवून बघता येतं. मी सुईच्या दोन्ही टोकांना रबरबँडचे जाड वेढे दिले, कारण टोकं बाळाच्या डोळ्यांपाशी येणार होती. गाडी जरा सपाटीला लागेपर्यंत थांबले. तिनं स्कार्फ सोडला. खाली जावळ घामानं चिकटलेलं, आणि कानाच्या वर स्कार्फच्या गाठीचा लाल वळ. मी टोपडं चढवलं. कपाळापासून कानांच्या खालपर्यंत अगदी बरोबर बसलं. वरून वर्तुळ उघडंच होतं, त्यातून जावळ दिसत होतं. बाळ वर बघायला लागलं. त्याच्या आईनं तोंडावर हात ठेवला आणि हसली.

त्यानंतर मी जेवढ्या वेगानं विणलं तेवढ्या वेगानं आयुष्यात कधी विणलं नाही. अजून तीन बोटं उंची हवी होती, मग टाके कमी करत माथा बंद करायचा. घाट सुरू झाला, वळणावळणाला सगळी गाडी एका अंगाला झुकायची, मी खांद्यानं खिडकीला टेकून टाके घेत होते. मला वाटलं होतं ती धारणीपर्यंत येईल. सेमाडोहच्या अलीकडे एका फाट्यावर तिनं घंटी मारायला सांगितली. माथा लागायला सात-आठ ओळी होत्या. माथ्याचं सगळं कामच राहिलं होतं. तिनं बाळाला घेतलं, स्कार्फ परत गुंडाळला. "येतो ताई," म्हणाली. गाव कुठलं, नाव काय, मी काहीच विचारलं नाही. विणण्यात होते.

हरिसालच्या पुढे टोपडं पूर्ण झालं.

धारणीला मावसबहिणीकडे चार दिवस राहिले. तिच्या घरी पाहुण्याला पाटावरून उठूच देत नाहीत, एवढं सांगितलं तरी पुरे. येताना चिखलदरा केलं. धुकं पाहिलं, वाटेतली रबडी खाल्ली.

परतीच्या वाटेवर मुद्दाम वर्ध्याला उतरले ते सेवाग्रामसाठी. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले. पुढच्याच वर्षी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमच्या, म्हणजे हातकामातून शिकवणाऱ्या शाळांत मुलांच्या हाती सूत कातायची टकळी आली. माझ्या आईच्या शाळेतही सूतकताईचा तास होता. टकळी नि पेळू, म्हणजे कातायच्या कापसाच्या वळ्या, दप्तरातच असत, आणि शाळेत चालत जाताना मुली कातत जात. चरखासुद्धा गांधीजींना प्रवासात हवा होता, म्हणून तर येरवडा तुरुंगात असताना त्यांनी पेटीत मिटणाऱ्या चरख्यासाठी एवढी खटपट केली. मी बराच वेळ टकळीचाच विचार करत बसले. एक काडी आणि एक चकती. कुणी लेकरू हातात दिलं तर खिशात टाकावी, लेकरू गेलं की परत काढावी, आणि जेवढं झालं तेवढं सूत पुरं. टोपड्याचं तसं नसतं. ते माथा बंद होईपर्यंत कुणाच्या डोक्याचं होत नाही.

त्यामुळे आता काम निवडताना मी आधी प्रवासाचे तास मोजते. बाळाचा एक पायमोजा दीड तासात होतो, पण एकट्या मोज्याचा कुणाला काय उपयोग? टोपड्याला मला चार तास लागतात. म्हणजे अर्धं घरी करून निघायचं, माथ्याच्या ओळी तेवढ्या गाडीत करायच्या. मूर्तिजापूरहून परतवाड्याशेजारच्या अचलपूरला येणारी शकुंतला रेल्वे अजून धावत असती तर त्या सावकाश गाडीत अख्खं टोपडं झालं असतं, असं परतवाड्याला उतरताना दर वेळी वाटतं.

हळदी टोपडं भाचीकडे पाठवलं नाही. तिच्यासाठी निळं केलं. मी जानेवारीत परत धारणीला जातेय, त्याच सकाळच्या गाडीनं. त्या फाट्यावर उतरून चहाच्या टपरीवर विचारीन. पण तोवर ते बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालेलं असेल, हे टोपडं त्याला कानांपाशी आखूड पडेल. म्हणून काल रात्री उरलेल्या हळदी लोकरीचे नवे टाके घातले. या वेळी ९२.