गुदाशयातली पिवळसर गाठ

कोलोनोस्कोपीनंतर फॉर्मलिनच्या डबीतून आमच्याकडे, पॅथॉलॉजी विभागात, आलेल्या तुकड्यासोबतच्या कागदावर पुष्कळदा ‘गुदाशयातील पॉलिप’, म्हणजे अस्तरावरची वाढ, एवढेच लिहिलेले असते. तुकडा असतो हरभऱ्याच्या डाळीएवढा, पण नेहमीच्या पॉलिपसारखा तांबूस नसून पिवळट आणि घट्ट. असा तुकडा दिसला की कापण्यापूर्वी, तळाची कड नंतर ओळखता यावी म्हणून, त्याच्या तळाला शाई लावण्याचा माझा आग्रह असतो, कारण न्यूरोएंडोक्राइन गाठ (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींपासून होणारी) श्लेष्मल आवरणाच्या तळाशी सुरू होऊन त्याखालच्या थरात उतरते आणि पॉलिप समजून तारेच्या फासाने वरवर कापली, तर तिचा काही भाग आतच राहण्याचा धोका असतो.

मायक्रोस्कोपखाली पेशी नागमोडी सरीत ओवलेल्या मण्यांसारख्या दिसतात. त्यांच्या केंद्रकांतील कणांना पाठ्यपुस्तके ‘मीठ-मिरपूड’ म्हणतात. मला मात्र दर वेळी खसखस आठवते.

खरी फसगत पुढे, पेशींतील ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या विशेष रंजकांच्या वेळी होते. क्रोमोग्रॅनिन-ए हे या गाठींचे ओळखपत्र, असे विद्यार्थिदशेत घोकलेले असते. परंतु गुदाशयातील बहुतेक गाठी ‘एल’ पेशींच्या (आतड्यातील एका प्रकारच्या संप्रेरक-पेशींच्या) वळणाच्या असल्याने त्यांत ते अनेकदा उमटतच नाही आणि सिनॅप्टोफायसिन किंवा आयएनएसएम-१ या दुसऱ्या रंजकांवर भिस्त ठेवावी लागते. निवासी डॉक्टर असताना कोऱ्या क्रोमोग्रॅनिनच्या आधारावर ‘न्यूरोएंडोक्राइन नाही’ असा मसुदा मी लिहिला होता, तो वरिष्ठांनी सही करण्यापूर्वी शांतपणे खोडला. त्याहून मोठा चकवा म्हणजे या गाठी प्रोस्टेटच्या पेशी ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोस्टेटिक ॲसिड फॉस्फेटेजलाही रंग देतात. वयस्कर पुरुषाच्या गुदाशयासमोरच प्रोस्टेट असल्यामुळे, एवढ्या एकाच रंजकावर विसंबणाऱ्याने प्रोस्टेटचा कर्करोग लिहून टाकला तर नवल नाही.

लहान आतड्यातील अशा गाठी सेरोटोनिन हे संप्रेरक तयार करतात. त्या पसरल्यावर चेहरा लाल होणे, जुलाब असा त्रास होऊ शकतो. गुदाशयातील गाठींत हे फार क्वचित घडते, त्यामुळे त्या बहुधा योगायोगानेच सापडतात.

नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो: ‘कॅन्सर आहे का?’ म्युनिकच्या पॅथॉलॉजिस्ट ओबर्नडॉर्फर यांनी 1907 मध्ये लहान आतड्यातील अशा गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारख्या, म्हटले आणि 1929 मध्ये स्वतःच मान्य केले की त्या घातकही असू शकतात. आज उत्तर बरेचसे मोजणीतून येते. स्लाइडचा छापील फोटो घेऊन, पेनाने एकेक केंद्रक खोडत, किमान 500 पेशींत केआय-67 (विभाजित होणाऱ्या पेशींची खूण) किती टक्के हे मी मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या वर्गीकरणानुसार 3 टक्क्यांखाली पहिली श्रेणी, 20 टक्क्यांपर्यंत दुसरी आणि त्यापुढे तिसरी. मात्र तिसऱ्या श्रेणीची सुघटित (मूळ पेशींशी साम्य राखलेली) गाठ आणि न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा हे वेगळे आजार आहेत, आणि आकड्याच्या धाकाने त्यांना एका माळेत ओवणे मला गंभीर चूक वाटते.

1 सेंटीमीटरहून लहान गाठ क्वचितच पसरते, 2 सेंटीमीटरच्या पुढे धोका बराच वाढतो. मधल्या गाठींत रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या पुन्हापुन्हा तपासाव्या लागतात. शाई लावलेला तळ गाठीपासून मोकळा नसेल तर काही आठवड्यांनी त्याच जागेचा दुसरा तुकडा येतो. त्यात बहुतेक व्रणच असतो, आणि बऱ्याच स्लाइड पाहून डोळे थकल्यावर एखाद्या कोपऱ्यात सरीचे चार मणी सापडतात.