रजिस्टरमधला १ जून

गरिबांना फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील आहे, म्हणून बालगुन्हेगारीवरचा एक ऑनलाइन कोर्स लावला होता. रात्री भांडी आवरली की इअरफोन घालून बसायचं. शिकवणाऱ्या बाई रंगवून सांगायच्या. १८९९ साली शिकागोत १६ वर्षांखालच्यांसाठी वेगळं कोर्ट निघालं. १९६७ चा गॉल्ट खटलाही त्यांनी असाच सांगितला. ॲरिझोनातल्या १५ वर्षांच्या पोराला एका अश्लील फोनपायी २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवायचा हुकूम झाला होता. मोठ्या माणसाला त्याच गुन्ह्यात फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. पटत होतं सगळं. पण त्या व्हिडिओंत मुलाचं वय आधीच ठरलेलं असायचं. आमच्या बीड जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात भांडण तिथूनच सुरू होतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मोटरसायकल चोरीत तिघांना धरलं. दोघं पंचविशीतले, तिसऱ्याला नुकती मिसरूड फुटलेली. आधारवर जन्मतारीख १ जून २००७. १८ पूर्ण, म्हणून थेट जिल्हा कारागृह. (नाव-गाव सांगत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, मुलाची ओळख उघड करता येत नाही. नसतं तरी सांगितलं नसतं.)

त्याची आई कोर्टाच्या व्हरांड्यात गाठोडं घेऊन बसली होती. जन्म कधीचा, म्हणून विचारलं.

"दिवाळी झाल्यावर झालंय ह्ये, वकीलबाई. फडावर. कोपी टाकून आठ दिस बी नव्हते झाले. बैलगाडीतून दवाखान्यात नेलं मला."

फड म्हणजे ऊसतोडीचं रान, कोपी म्हणजे तिथली झोपडी. दिवाळीनंतर म्हणजे नोव्हेंबर. मग पोरगं अजून सतरातच होतं.

दुसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. हेडसरांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. कड कुरतडलेली, पानं पिवळी. त्या वर्षीच्या पहिलीच्या पानावर जन्मतारखेच्या रकान्यात निळ्या शाईने वरपासून खालपर्यंत १ जून, १ जून, १ जून. मध्येच एखादा चुकार सप्टेंबर, तो बहुतेक अंगणवाडी सेविकेच्या नातवाचा असावा. आईबाप ऊसतोडीला, पोर आजीच्या हाताला धरून आलेलं, कागद कसलाच नाही. गुरुजी तरी काय करणार? शाळा जूनमध्ये भरते, वय बसायला हवं, टाक १ जून. त्याच नोंदीवरून आधार निघालं आणि आधारवरून पोलिसांनी वय लिहिलं.

"माझीही एक जूनच आहे," हेडसर हसत म्हणाले. "एकतीस मेला रिटायर होतोय."

त्या रजिस्टरचा प्रवेश निर्गम उतारा घेतला खरा, पण तो सरकारी वकिलांच्याच कामाचा होता. मला जन्माची नोंद हवी होती आणि ती जन्म झाला त्या गावी होते, आईबाप राहतात त्या गावी नाही. आईला त्या गावाचं नाव आठवेना, कारखान्याचं मात्र पक्कं लक्षात. कोल्हापूरकडचा कारखाना. तिथल्या ग्रामसेवकाने फोनवर आधी टोलवलं, मग दुपारी स्वतःहून उताऱ्याचा फोटो पाठवला. नोव्हेंबर २००७, लिंग पुरुष, आईबापांची नावं बरोबर. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. हंगाम संपून कारखाना बंद होताच हे लोक गावी परतले होते, नाव लावायला जाणार कोण?

त्या कोऱ्या रकान्यावर सरकारी वकिलांनी तासभर किल्ला लढवला. हा मुलगा तोच कशावरून? शाळेचा दाखला असताना पंचायतीकडे जायचंच कशाला? मी त्याच कायद्याच्या कलम ९४ मधला वयाच्या पुराव्यांचा क्रम वाचून दाखवला: आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा मॅट्रिकचं सर्टिफिकेट, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आणि २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा पी. युवाप्रकाश निकाल: शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेश रजिस्टरचा उतारा म्हणजे कलमातलं ते प्रमाणपत्र नव्हे. आईची साक्ष झाली. धाकटा चार वर्षांनी झाला, तो इकडे गावी, हे तिने ठामपणे सांगितलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी कलम ९ खाली चौकशी पूर्ण करून मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे पाठवलं. तिथे कलम १२ खाली जामीन झाला.

पोराने नववीत शाळा सोडली होती. दहावी झाला असता तर बोर्डाच्या सर्टिफिकेटवर तीच १ जून उतरली असती आणि कलमाच्या क्रमात माझा जन्मदाखला मागे पडला असता. कोर्समध्ये त्याच आठवड्यात शिकवलं होतं की शाळेत टिकलेलं मूल गुन्ह्यापासून दूर राहतं. खरंच आहे ते, त्यावर माझा विश्वासही आहे. पण हे पोर शाळेतून गळालं म्हणून कायद्याने मूल ठरलं, हे असाइनमेंटमध्ये कुठल्या मुद्द्याखाली लिहावं ते मला सुचेना. शेवटी वेगळा परिच्छेद करून लिहिलं.

जामिनानंतर आई पुन्हा आली. पोरगं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं म्हणतंय, तारीख कोणती टाकायची? म्हटलं, मावशी, फॉर्म राहू द्या. आधी पंचायतीच्या नोंदीत त्याचं नाव लागतंय का बघू, मग तो दाखला जोडून हेडसरांकडे तारीख दुरुस्तीचा अर्ज द्या. सर ३१ मेला रिटायर व्हायच्या आत.