मॉड्यूल 9 आणि अण्णांचा बोल्टांचा डबा

विमान देखभाल इंजिनिअरच्या लायसन्स परीक्षेत मॉड्यूल 9 सगळ्यांत सोपं समजतात. विषय ह्यूमन फॅक्टर्स, म्हणजे माणूस चुकतो कसा आणि का. "गोष्टींचा पेपर आहे बे, दोन रात्रीत होतोय," असं दोस्तांनी सांगितलेलं. गॅस टर्बाइनचा पेपर पहिल्या फटक्यात काढलेला मी या गोष्टींच्या पेपरात आपटलो.

पुढची परीक्षा येईपर्यंत सोलापूरला घरी आलो. अण्णा एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. आमच्या गल्लीत विमान सुरक्षा म्हटलं की लोकांना फक्त विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी आठवते. ती 2023 च्या जूनमध्ये पाडली, दोन वर्षांनी होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं. चिमणी सगळ्यांना दिसत होती, म्हणून तिच्यावर वर्षानुवर्षं भांडता आलं. माझ्या पेपरात होतं ते दिसत नव्हतं.

नापास का झालो हे कळायला आठवडा गेला. 'डर्टी डझन' पाठ होतं. कॅनडात गॉर्डन ड्युपॉन्ट यांनी 1993 मध्ये काढलेली चुकांची 12 कारणं: थकवा, घाई, दडपण वगैरे. पाढ्यासारखी म्हणून दाखवली असती. पण प्रश्नात प्रसंग येतो. शिफ्ट बदलताना काम अर्धवट राहिलं, माणसं कमी, विमान सकाळी सुटायचंय; मूळ कारण काय? चारही पर्याय बरोबर वाटतात. मी दर वेळी दोषी म्हणून माणूस पकडला होता.

दुसऱ्या खेपेला पाठांतर सोडलं आणि एकेक अपघात नीट वाचायला घेतला. पहिला 10 जून 1990 चा. ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून निघालं आणि 17,300 फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली. कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. आदल्या दिवशी पहाटे ती काच बसवताना 90 पैकी 84 बोल्ट किंचित बारीक लागले होते, फरक पाऊण मिलिमीटरही नाही. शिफ्टच्या मॅनेजरने माणसं कमी म्हणून काम स्वतः केलं, जुना बोल्ट हातात धरून तसाच दिसणारा उचलला. त्याचं काम दुसऱ्याने तपासायचं बंधनच नव्हतं. माणूस आळशी नव्हता, उलट कामाचा म्हणून नावाजलेला.

रात्री भाकरी-शेंगाचटणी खाता खाता हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग काय झालं? आम्ही रोज तेच करतोय की." कारखान्यात त्यांचा तेलाचा जुना डबा आहे, त्यात मिसळून पडलेले बोल्ट. घालायचा हात, काढायचा, लावून बघायचा.

मग कधी नव्हे ते त्यांनी कपाळावरच्या टाक्यांची गोष्ट सांगितली. आम्हाला लहानपणी सांगितलेलं, पाय घसरून पडलो. खरं म्हणजे बोल्ट सैल होऊन धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा भाग, मागातून उडाला होता आणि तो बोल्ट त्यांनीच बसवलेला.

"मालकाला सांगितलं नाही?"

"सांगून काय? आठवड्याच्या पगारातून धोट्याचे पैसे कापले असते. गप बसलो."

"आणि बाकीच्या मागांवरचे तसले बोल्ट?"

अण्णा पाणी प्यायले. तसलेच बोल्ट आणखी कितीतरी मागांवर वर्षभर फिरत होते.

त्या रात्री मॉड्यूल 9 डोक्यात शिरलं. आधी मंगळूरचा अपघात वाचून मला सहवैमानिकाचाच राग आला होता. 22 मे 2010, 158 माणसं गेली. विमान फार उंचावरून येतंय हे दिसत असताना सहवैमानिक विमान पुन्हा वर घ्या म्हणत राहिला, पण स्वतः हातात घेतलं नाही. कॅप्टन त्याआधी बराच वेळ झोपलेला होता. स्पेनच्या तेनेरीफ बेटावर दोन विमानं धावपट्टीवर धडकली, त्याचंही तेच: 1977, धुकं, 583 मृत्यू. समोरचं विमान धावपट्टीवरून हटलंय का, असं फ्लाइट इंजिनिअरने विचारलेलं, ज्येष्ठ कॅप्टनने ते उडवून लावलं. अण्णांना हे समजवावं लागलं नाही. "मालकाला कोण दुसऱ्यांदा सांगणार?" एवढंच ते म्हणाले.

त्यांना पटलं नाही ते पुढचं. अमेरिकेत 1976 पासून वैमानिक-इंजिनिअर आपल्या चुका नासाकडे लिहून पाठवतात. नासाकडे अशासाठी, की दंड करणाऱ्या खात्याला कोण मनातलं सांगेल? चूक मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर दंडातूनही बहुतेक वेळा सूट मिळते. नाव तर काढूनच टाकतात.

"नाव काढून टाकलं," अण्णा म्हणाले, "तर पैसे कापणार कोणाचे?"

पेपर दुसऱ्या वेळी निघाला. प्रसंग वाचून आधी बघायचो, की या जागी काम करणारा माणूस तोंड उघडू शकला असता का. उत्तर बहुतेक तिथेच असायचं.

प्रॅक्टिकल ट्रेनिंगला बाहेरगावच्या हँगरमध्ये गेलो आणि तिसऱ्या महिन्यात माझी पाळी आली. शिफ्ट संपताना टूल मोजताना दहाचा सॉकेट, म्हणजे बोल्ट फिरवायच्या पान्याचं टोक, कमी. तो माझ्याकडे होता हे फक्त मला ठाऊक होतं. टूलबॉक्ससमोर दोन-तीन मिनिटं नुसता उभा राहिलो, कपाळाला घाम, आणि डोळ्यांसमोर अण्णांचा डबा. मग सिनिअरला सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, एक सणसणीत शिवी दिली आणि विमान थांबवलं. दीड तास आम्ही चौघं टॉर्च घेऊन शोधत होतो. चाकाच्या खोबणीत, एका पाइपामागे सापडला. फॉर्म भरला, सही केली.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला आलो तेव्हा पाळण्याच्या रांगेत अण्णांना हे सांगितलं.

"किती कापले?"

"काही नाही."

"खोटं बोलू नको."

"खरंच नाही, अण्णा."

ते रांगेत पुढे सरकले. पाळण्यात बसायच्या आधी त्यांनी दांडीचा बोल्ट हाताने हलवून बघितला.