धायटी फुलली, पण एकाच फांदीवर

मंडळी, गेल्या नोंदीत मी लिहिलं होतं की संक्रांत झाली की वाफा नंबर दोनमधल्या तिन्ही धायट्या, म्हणजे चार वर्षांत एकदाही न फुललेली ती रानझुडपं, उपटणार. तो बेत रद्द.

भोगीच्या सकाळी तीळ लावलेल्या भाकऱ्या उरकून हौदामागे गेले, तर हौद आणि कुंपण यांच्या फटीत शिरलेली एक फांदी बुडापासून शेंड्यापर्यंत लाल! चार फुटांची, कमानीसारखी वाकलेली. पानाच्या प्रत्येक बेचक्यात सात-आठ नळ्यांचा झुबका, नळी जेमतेम नखाएवढी, तोंडातून केसर बाहेर डोकावणारे. शिंजीर, तो इवलासा मध पिणारा पक्षी, उलटा लटकून एकेका नळीत चोच घालत होता. चार वर्षं या फुलांची वाट पाहिली आणि ती आली हौदामागे. किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे, आतून चहा गार झाल्याची हाक आली तेव्हा भानावर आले.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. 'दसरा ते होळी' या दोन नंबरच्या वाफ्यात फक्त आपल्याकडच्या रानातली झुडपं लावायची, पाऊस संपून बागा मरगळतात तेव्हा रंग देणारी, हा माझा नेम. धायटी त्यातली मुख्य. तिचा लाल रंग पाकळ्यांचा नसतो, पाकळ्या शोधाव्या लागतात एवढ्या बारीक. रंग असतो निदलपुंजाच्या, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वेष्टनाच्या नळीचा, आणि ती नळी फूल सरलं तरी बोंडाभोवती तशीच राहते. त्यामुळे झुडूप आठवड्यात ओकंबोकं होत नाही. संस्कृतात ताम्रपुष्पी म्हणतात ते उगीच नाही. आसव-अरिष्टात, म्हणजे आयुर्वेदातल्या आंबवलेल्या औषधांत घालतात ती धातकीची फुलंही हीच.

२०२१च्या जूनमध्ये तीन रोपं लावली. पहिले दोन हिवाळे 'अजून लहान आहेत' म्हणून सोडून दिले. तिसऱ्या वर्षी मातीला दोष दिला. आमची जागा बेळगावच्या येळ्ळूर रस्त्याची, मुळात भाताची जमीन, काळी आणि चिकट. धायटी मी पाहिलीय ती जांबोटीकडच्या जांभ्याच्या उतारावर, जिथे मुळांना धड माती नसते. तिला इथे खाऊन खाऊन माज आला असं वाटलं. शेणखत बंद केलं, बुडाशी जांभ्याची खडी भरली. पानंच आली. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर ठिबकची नळी काढून ठेवली. पानं थोडी तांबूस झाली, खाली काळे ठिपके छान उठून दिसायला लागले, फूल नाहीच. निपाणीच्या दादांनी पोटॅश सुचवलं, लाकडाची राख घातली. काही नाही.

फांदी दिसल्यावर माळीमामांना विचारलं, इथे काही वेगळं घातलं होतं का? ते म्हणाले, "न्हाई बाई. हाताला गावंना झालती, म्हणून तेवढी सोडलो बघा."

सगळं कोडं तिथेच सुटलं. दरवर्षी दसऱ्याच्या आधी अंगण आवरताना मी तिन्ही झुडपं कमरेएवढी छाटून घेत होते. वाट अडते, आणि गोल केलेलं नीटस दिसतं म्हणून. धायटी मेंदीच्या कुळातली. दारातली मेंदी आणि चिनाई मेंदी दोन्ही छाटल्यावर येणाऱ्या नव्या फुटीवर फुलतात, म्हणून मी हिलाही तोच नियम लावला. ही मात्र पावसाळ्यात वाढलेल्या फांद्या हिवाळ्यात पिकल्या की त्यांच्या बेचक्यांत फुलते. म्हणजे दर ऑक्टोबरला कात्रीने मी जानेवारीची फुलंच कापत होते.

खात्री करायला तिन्ही झुडपांत डोकं घालून पाहिलं. छाटलेल्या टोकांवर कोवळी फूट, एकही कळी नाही. आत खोलवर जिथे कात्री पोचली नव्हती, तिथे पहिल्या झुडपात दोन आणि दुसऱ्यात एक जुनी काडी, तिन्हींवर झुबके! फार बारीक, पण आहेत. तिसऱ्यात शून्य. ते जांभळाच्या सावलीत आहे, त्यामुळे तिथे उन्हाचाही प्रश्न असणार. त्याचा दोष सगळा कात्रीवर टाकायला मन धजत नाही.

तर आता छाटणी फुलं संपल्यावर, एप्रिलच्या शेवटी, वळवाच्या पहिल्या सरीआधी. मग पावसात फांद्या फुटतील आणि दसऱ्याला त्यांना कुणीही हात लावायचा नाही. पण मग ऑगस्टपर्यंत झुडूप वाटेवर येणार, ती अडचण आहेच. हे लिहिता लिहिताच सुचलं: झुडूप का कापायचं, वाटच दोन हात पलीकडे सरकवूया! फरशा सुट्याच आहेत. तिथे मी तरवड लावणार होते, अथणीकडून बियाही मागवून ठेवल्यात. तरवडाला कोरडं आणि कडक ऊन लागतं, तो गच्चीच्या भिंतीकडच्या पट्ट्यात जाईल. तिथे पाणी ठरत नाही, त्याला जास्त मानवेल.

आणखी एक. हौदामागची फांदी जमिनीला टेकायला आलीच आहे. जूनमध्ये तिला दाब कलम करून बघते, म्हणजे झाडावर असतानाच मातीत दाबून मुळं फुटतात का ते. बियांचा अनुभव तुम्हाला माहीत आहे: धुळीसारखं बी, मातीखाली गेलं की उगवत नाही, वर ठेवलं की मुंग्या नाहीतर पाऊस नेतो. गेल्या वर्षीचे दोन ट्रे असेच गेले. मुळं फुटायची पावडर लावलेल्या काड्याही बुरशीने गेल्या. ती पावडर मी आता घेणार नाही.

नर्सरीचं म्हणाल तर शहरात कुठेही धायटी मागा, समोर गोल्डन ड्युरांटा, ते पिवळ्या पानांचं शोभेचं झुडूप ठेवतात. एका ठिकाणी तर 'हे जंगली, घरात कशाला' असं ऐकून घेतलं. वाईट वाटतं. पंधरा-वीस मैलांवर डोंगर लाल होतो आणि आपल्या अंगणात त्याची ओळख नाही. माझ्या बिया नातलगांच्या बांधावरच्या. भीमगड २०११पासून अभयारण्य आहे, तिथून रोप किंवा बी आणायचं नाही, हे पुन्हा सांगते.

बाकी वाफ्याचं लवकर सांगते. मुरुडशेंगेला यंदा पहिल्यांदा पिळदार शेंगा धरल्या, चौदा मोजल्या. फूल ताजं असताना लाल आणि जुनं झालं की राखी-निळं, दोन्ही एका फांदीवर बघायला मिळाली. शेंगा तोडायच्या नाहीत असं ठरवलंय. सासूबाईंना मात्र बाळघुटीसाठी दोन दिल्या. कोरांटी पिवळी आहेच, तिला काही मागावं लागत नाही. अंजनी अजून गप्प आहे, होळीपर्यंत वाट पाहू.

आणि रामेठा! जागेवरच पेरलेल्या बियांतली दोन रोपं जगली, त्यातल्या एकावर पिवळा गेंद आलाय, लिंबाएवढा. पिशवीत वाढवून लावलेली सगळी गेली होती. माझं मत पक्कं झालंय, रामेठ्याचं मूळ हलवू नये. शेळ्या असलेल्यांनी तो कुंपणाच्या आत ठेवा, झाड विषारी आहे, सालीने मासे गुंगवतात.

आज सकाळी मामांना घेऊन तिन्ही धायट्यांच्या पक्क्या काड्यांना लाल दोरा बांधला. चौतीस भरल्या. दोरा दिसला की कात्री लावायची नाही, एवढं ठरलंय. हौदामागच्या फांदीवर बोंडं धरली तर मे महिन्यात बी वाटीन, ज्यांना हवंय त्यांनी आत्ताच सांगून ठेवा.