बुडवायचं की भरायचं

मुळात चूक वाराची झाली. गेले तीन महिने नवरा मागे लागला होता की एक दिवस रजा काढू आणि पणजीत नुसती सँडविचं खात फिरू, कुठल्यातरी रीलमध्ये एका जोडप्याने कुठल्याशा परदेशी शहरात एका दिवसात सात दुकानं पालथी घातली होती ते बघून हे खूळ डोक्यात शिरलं होतं. रविवारी पणजीची अर्धी शटरं खाली असतात म्हणून सोमवार ठरला, दोघांनी ऑफिसात थापा मारल्या आणि निघालो. बाणस्तारीच्या पुलावर स्कूटरवर मागे बसल्या बसल्या मला आठवलं की अरे सोमवारी तर मी शिवराक. मासळी नाही, मटण नाही, अंडंसुद्धा नाही. लग्नाआधीपासूनचं आहे आणि आता मोडायचं म्हटलं तर सासूपेक्षा माझी आईच जास्त बोलेल.

"मग परत फिरूया?" नवऱ्याने हेल्मेटमधून विचारलं, पण स्कूटर काही हळू केली नाही.

म्हटलं नको, तू आतलं खा, मी बाहेरचं खाते.

गंमतीत म्हटलं होतं पण दिवसभर तसंच झालं. आधी चर्चच्या जवळ ताटोत गेलो, १९१३ पासूनचं हॉटेल, तिथे शिवराक माणसाची काही अडचण नसते. सुकी, पातळ की मिक्स एवढंच सांगायचं. बशीत पाव, वाटीत भाजी, बाजूला एक मिरची भजी. मी पहिला तुकडा मोडून पातळ भाजीत बुडवला आणि नवरा म्हणाला हे सँडविच नाही हां, हे मोजायचं नाही. का नाही? तर म्हणे दोन पावांच्या मध्ये काहीतरी पाहिजे, इंग्लंडच्या त्या उमरावाला पत्ते सोडून जेवायला उठायचं नव्हतं म्हणून त्याने मांस पावात घालून मागवलं, अशी गोष्ट आहे, म्हणजे सँडविच हे एका हाताने खायचं असतं, इथे तुला दोन हात, एक वाटी आणि एक टेबल लागतंय. मी म्हटलं आमच्याकडे पत्ते खेळणारे लोक जेवायला उठतात.

पण तो बोलला ते डोक्यात राहिलं. खरंच आहे, गोंयकार पावात काही भरत नाही, तो पाव बुडवतो. टोणकात, रश्शात, शाकुतीत, सकाळी चहात. पावात भरून देणारी वस्तू आपल्याकडे आठवायला बसलं तर चोरीस पाव (चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज), कटलेट पाव आणि मग जरा थांबावं लागतं.

आणि हा पाव तरी आपल्या घरात कुठे धड शिरला होता. माझी आजी सांगायची, विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यायलं की अख्खा गाव बाटला. त्यात पाव आंबवायचे माडाची सूर घालून, म्हणजे दारूच की. तिच्या घरी पोदेर, म्हणजे पाववाला, यायचा, पोंय पोंय हॉर्न वाजवत, पण पाव पडवीतल्या फडताळात राहायचे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत नाही. आम्ही मुलं पडवीत बसून चहात बुडवून खायचो आणि आजी आतून ओरडायची की हात धुवून आत या. तीच आजी शेवटी आजारी पडली तेव्हा डॉक्टरने पचायला हलकं म्हणून दूध-पाव सांगितलं आणि तिने तो खाल्ला, डोळे मिटून, औषध घ्यावं तसा.

असो. तिथून फोंतेन्यांत, पणजीच्या जुन्या पोर्तुगीज वस्तीत. १९३०च्या दशकातली कॉन्फेतारिया ३१ द जानेरो, एवढीशी जागा, काचेत पॅटिस, केक, बेबिंक. मला शिवराक पॅटिस मिळालं. पॅटिस सँडविच आहे का यावर आमचं भांडण झालं नाही कारण बोलायला तोंड मोकळं नव्हतं, सगळे पापुद्रे माझ्या ओढणीवर.

मग दुपारी एका छोट्या बारमध्ये चोरीस पाव. टेबलं चार, पंखा एक. त्याच्यासाठी एक आणि माझ्यासाठी नुसता उंडो, म्हणजे कडक कवचाचा गोल पाव, मागवला, मालकाने माझ्याकडे दयेने बघितलं आणि सोबत चिरलेला कांदा दिला, फुकट. नवऱ्याचा पाव आला तो लालभडक तेल पिऊन आलेला. आता डुकराचं मांस मी एरवीही घरी शिजवत नाही पण वास, तो वास! सुकी मिरची, लसूण, आणि माडाच्या सुरेचा व्हिनेगर. नवरा अर्धा पाव संपवून म्हणाला बघ, आता हे खरं सँडविच. मी म्हटलं नीट बघ, चोरिसाचं तेल कुठे गेलंय? पावात. म्हणजे हाही बुडवलेलाच, फक्त आतून. तो चावायचा थांबला. दिवसभरात मी त्याला गप्प केलं ती ही एकच वेळ. आणि मग मला सुचलं की जुन्या पद्धतीने केलं तर पावात सूर आणि चोरिसाच्या व्हिनेगरमध्येही सूर, म्हणजे आतलं आणि बाहेरचं एकाच माडावरून उतरलेलं, पण ते सांगेपर्यंत त्याने दुसरा मागवला होता.

उंडो मात्र झकास होता. आत नरम, वरचं कवच कडक, फोडला की आवाज येणारा. पावाच्या पोटात काही नसलं की तो कसा आहे ते कळतं, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं, कारण एरवी आपण रश्शाचीच चव घेत असतो ना.

चौथं दुकान नवीन, नाव सांगत नाही. डेली म्हणे. काचेच्या कपाटात चीजचे गोल, लोंबणारी मांसं, पाट्या सगळ्या इंग्रजीत, एसी असा की मी ओढणी डोक्यावरून घेतली. मेनूवर एक वस्तू होती, 'गोवन पिटा', आली तर आपली पोई! तीच ती, कोंड्याची, पोटात पोकळ, पोदेर सायकलवर आणतो ती. आत हमस, काकडी, कसलीशी पानं. किंमत एवढी की तेवढ्यात महिनाभर पोदेराचा हिशेब चुकता झाला असता. तेही एकवेळ चाललं असतं पण पोई सकाळची होती हो, चामड्यासारखी. ज्या राज्यात संध्याकाळी परत ताजा पाव दारात येतो तिथे शिळी पोई विकायला फार धीर लागतो. वेटर पोरगा बिहारचा, बिचारा एकदम नम्र, त्याला काय बोलणार. मी हळूच विचारलं भैया, थोडं पातळ काही मिळेल का, चटणी, रस्सा, काहीही. त्याने डिप आणून दिलं. बुडवायचंच! नवऱ्याने कपाळावर हात मारला.

परत निघेपर्यंत अंधार पडला होता. फोंड्यात पोचल्यावर आमच्या नेहमीच्या गाड्यापाशी स्कूटर आपोआप वळली. पोट भरलेलं होतं पण नवऱ्याला रस ऑम्लेट दिसलं की पोटाचं ऐकू येत नाही. शाकुतीचा रस, वर कांदा, लिंबू, बाजूला दोन पाव. आणि त्या दिवशी त्याला काय झालं कोण जाणे, तत्त्वासाठी म्हणून त्याने पाव मधोमध फाडला, ऑम्लेट चमच्याने उचलून आत कोंबलं आणि एका हाताने खायला गेला. रस कोपरापर्यंत. शर्ट पांढरा. गाडेवाला कढईवरून बघत होता, म्हणाला, "पात्रांव, बुडोवन खा रे."

मग माझ्याकडे वळून, "बाय, तुका कितें?"

मी म्हटलं सोमवार. त्याने मान हलवली, तव्याच्या कडेला एक पाव उलटा ठेवून शेकला आणि कागदावर दिला. शेजारच्या टपरीवरून मी चहा आणला.