आजीच्या पेटीतून मांडवापर्यंत : आमची वाटचाल

बारा वर्षांपूर्वी पुण्याच्या सदाशिव पेठेत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, आम्ही दोघी जावांनी लग्नाच्या नियोजनाचे काम सुरू केले, तेव्हा इतरांप्रमाणेच आम्हीही फुलांचे आणि जेवणाचे दरपत्रक घेऊन यजमानांसमोर बसत असू. पहिल्याच वर्षी एका वधूच्या आजींनी ते दरपत्रक बाजूला सारून आतून सागवानी पेटी आणवली, तिच्यातली अंजिरी पैठणी मांडीवर उलगडली आणि "हिला शोभेल असं लग्न करून द्याल का?" एवढेच विचारले. पदरावर बांगडीमोर होते आणि काठ नारळी होता. पत्रिकेची चौकट, मांडवाचे पडदे आणि पाटांभोवतीची रांगोळी हे सारे त्या दोन आकृतींतून आणि एका रंगातून उभे केले, बाकीचा झगमगाट पूर्णपणे टाळला, आणि आमच्या कामाला दिशा मिळाली.

त्याच लग्नात आमच्या हातून मोठी चूक झाली. कार्यालयात घाईघाईने पैठणीवर गरम इस्त्री फिरवली आणि पदर घडीवर चार बोटे उसवला. आजी काही बोलल्या नाहीत, याचेच आम्हाला अधिक वाईट वाटले. पुढे येवल्याच्या एका विणकरांनी कारण समजावले : जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिल्यावर तिच्या वजनाने रेशीम तिथेच कच्चे होते. शिवाय पैठणीची नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवून हातानेच विणलेली असल्यामुळे ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, म्हणून साधा रफू तिथे उठून दिसतो. तेव्हापासून लग्न ठरताच सहा महिने आधी आम्ही साड्या पाहायला मागतो, घड्या बदलून त्या मलमलीत ठेवायला सांगतो, कच्च्या पदराला मागून अस्तर लावून घेतो आणि अत्तर साडी नेसण्याच्या आधीच लावायला लावतो.

दागिन्यांच्या बाबतीत आमचा हट्ट थोडा जाचक वाटतो, याची कल्पना आहे. वधूचे नाक टोचलेले नसेल, तर चाप बसवण्यासाठी पणजीच्या नथीची तार कापू देण्याला आम्ही विरोध करतो. ती नथ गौरीहरापाशी तबकात ठेवावी आणि वधूने दाबाची नवी नथ घालावी, असे सुचवतो. तन्मणी, चिंचपेटी, ठुशी आणि पुतळ्यांची माळ एकाच गळ्यात घालण्याचा आग्रहही आम्ही मोडून काढतो, कारण त्या गर्दीत जो दागिना दाखवायचा तोच दिसेनासा होतो.

व्यवहाराची बाजू कंटाळवाणी, पण तीच अधिक झोप उडवते. मुहूर्त रविवारचा असेल आणि आदला शनिवार महिन्यातला दुसरा किंवा चौथा असेल, तर बँक बंद असल्याने दागिने शुक्रवारीच लॉकरमधून काढावे लागतात आणि सोमवारपर्यंत कोणाच्या तरी जबाबदारीवर ठेवावे लागतात. म्हणून प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, वजन आणि ती कोणाची आहे हे वहीत लिहून दोन्ही घरच्यांची सही घेतो. ही सवय दोन सख्ख्या भावांनी भर मांडवात एकाच पाटल्यांवर हक्क सांगितल्यानंतर लागली.

भांड्यांचे काम मात्र आनंदाचे असते. घरातले तांब्याचे घंगाळ आम्ही कसब्यातल्या तांबट आळीत उजळायला देतो, मठारकामाचे, म्हणजे हातोडीने ठोकून उठवलेले, ठोके घासून सपाट करू नका असे दरवेळी बजावतो, आणि त्यात पाणी भरून फुले सोडून ते मांडवाच्या तोंडाशी ठेवतो. चांदीची ताटे सर्वांना पुरत नाहीत, ती विहिणींच्या पंगतीला मांडतो.

गेल्या मार्गशीर्षात त्याच आजींच्या धाकट्या नातीचे लग्न आमच्याकडे आले. पैठणी आता नेसण्याजोगी राहिलेली नव्हती. तिचा उसवलेला पदर आम्ही पांढऱ्या रेशमावर टाचून अंतरपाट केला, आणि मंगलाष्टके चालू असताना त्याचे एक टोक धरायला आजींनी माझ्या जावेला पुढे बोलावले.