धडधडणारं मशीन: दोष बेअरिंगचा नव्हता

आमचं टॉप लोड वॉशिंग मशीन स्पिनला लागलं की धडधडायचं. कपडे घुसळताना शांत, पाणी सोडताना शांत, पण पिळायला घेतलं की टब बाहेरच्या पत्र्यावर आपटायचा. आवाज भिंतीतून पलीकडच्या खोलीत जायचा आणि आईची दुपारची झोप मोडायची. आईचं म्हणणं, "बेअरिंग गेलं असणार." मशीनचा आवाज वाढला की बहुतेकांच्या तोंडी हेच येतं. मला मात्र ते पटत नव्हतं, कारण बेअरिंग, म्हणजे फिरता दांडा पेलणारं पोलादी गोळ्यांचं कडं, गेल्यावर मशीन आपटत नाही, घरघरतं.

पाना हातात घेण्याआधी मशीनजवळ उभं राहून धुण्यापासून पिळण्यापर्यंत सगळं नीट ऐकावं, याबद्दल मी फार आग्रही आहे. आवाज कुठल्या टप्प्यावर येतो, त्यावरून दोषाची जागा बरीचशी कळते. घुसळताना खरखर होत असेल, तर तळाच्या पल्सेटरखाली, म्हणजे कपडे घुसळणाऱ्या तबकडीखाली, काहीतरी अडकलेलं असतं किंवा त्याचे दाते झिजलेले असतात. पाणी सोडताना नुसती गुणगुण ऐकू येते आणि पाणी हलत नाही, तर पंपात कचरा. स्पिन सुरू होताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर आधी बेल्ट बघावा. आणि वेग वाढेल तशी चढत जाणारी, मशीन रिकामं असतानाही येणारी जाड घरघर असेल तर ते बेअरिंग. त्याआधी बहुधा पाण्याचं सील गेलेलं असतं. पाणी आत झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं आणि पोलादाला गंज चढतो.

म्हणून मी मशीनमध्ये एकही कपडा न टाकता नुसता स्पिन लावला. घरघर अजिबात नाही. आईला मशीनजवळ बोलावून ऐकवलं, तेव्हा बेअरिंगचा विषय मिटला.

मग पाय तपासले. वरच्या पॅनलचे समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबले की मशीन डुगडुगतं का ते कळतं. आमचा मागचा एक पाय किंचित अधांतरी होता. तो फिरवून जमिनीला टेकवला, वर स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिली आणि पायावरचा लॉक नट घट्ट आवळला. हा नट बरेच जण सैलच सोडतात. मग कंपनांनी पाय पुन्हा आपोआप फिरत जातो. याने थोडा फरक पडला, पण धडधड थांबली नाही.

खरी गोम लटकण्यात होती. टॉप लोडचा टब खालून कशावरही टेकलेला नसतो. कॅबिनेटच्या चार कोपऱ्यांतून चार लोखंडी रॉड खाली येतात आणि त्यांच्यावर तो टांगलेला असतो. प्रत्येक रॉडच्या खालच्या टोकाला स्प्रिंग आणि प्लॅस्टिकची वाटी असते. वाटी रॉडवर घासत वरखाली सरकते आणि त्या घर्षणात टबाचा हेलकावा जिरतो. या व्यवस्थेवर पडणारा भार लहान नसतो. स्पिन मिनिटाला ७०० फेऱ्यांचा असेल आणि टबाच्या आत फिरणाऱ्या ड्रमच्या मध्यापासून २० सेंटीमीटरवर किलोभर ओला कपडा एकाच बाजूला गोळा झाला, तर तो ड्रमला सुमारे ११० किलो वजनाच्या जोराने बाहेर खेचतो. वाट्या झिजल्या की हा हेलकावा जिरवायला काही उरत नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. प्लग काढायचा, झाकण उघडून टबाची कड दोन्ही हातांनी खाली दाबायची आणि सोडायची. टब वर येऊन जवळपास लगेच स्थिरावला पाहिजे. आमचा कितीतरी वेळ वरखाली नाचत राहिला.

चारही रॉड एकदम बदलावेत. एकच नवा घातला तर त्या कोपऱ्यात दाब वेगळा पडतो आणि टब तिरका लटकतो. जुने काढताना कुठला रॉड कुठल्या कोपऱ्यातला, ते लिहून ठेवावं. मोटरचं वजन एका बाजूला असल्यामुळे काही मशीनमध्ये पुढच्या आणि मागच्या स्प्रिंग वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, आणि त्यांच्यावर रंगाची खूण असते. सुटे भाग मशीनच्या मॉडेल नंबरनेच घ्यावेत, नुसती लांबी जुळवून नाही.

हे काम दोघांचं आहे. आमच्या मशीनचं वरचं पॅनल मागचे स्क्रू काढल्यावर वर उचलता येतं. तारा ताणल्या जाणार नाहीत इतपत उचलून ते बांधून ठेवलं. भावाने एका कोपऱ्यापाशी टब उचलून धरला, मी रॉडचं वरचं टोक खाचेतून सोडवलं आणि तिथेच नवा अडकवला. मगच पुढचा कोपरा. पत्र्याच्या कडा फार धारदार असतात, हातमोजे घालाच. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते, तिकडे हात नको. आणि जुन्या रॉडची कुरकुर थांबावी म्हणून वाटीत साधं तेल सोडू नका. कुरकुर थांबेल, पण हेलकावा जिरवणारं घर्षणही जाईल.

उघडलंच आहे तर पल्सेटरही काढला. मधला स्क्रू काढून, समोरासमोरच्या कडांखाली दोन नाड्या सरकवून तो सरळ वर ओढला. स्क्रूड्रायव्हरने उचकटला तर प्लॅस्टिकची कड तुटते. खाली एक हेअरपिन, शर्टाचं बटण आणि साबणात घट्ट झालेला धाग्यांचा थर निघाला.

आता ओल्या चादरी घातल्या तरी टब पत्र्याला लागत नाही. आई दुपारी मशीन चालू असताना झोपते. स्पिनच्या सुरुवातीला टब अजूनही थोडा डोलतो, पण त्यात दोष नाही. ड्रमच्या वरच्या कडेला एक बंद पोकळ कडं असतं आणि त्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. वेग कमी असताना ते पाणी जड बाजूकडेच जातं, त्यामुळे डोलणं उलट वाढतं. ठरावीक वेग ओलांडला की तेच पाणी हलक्या बाजूला सरकून तोल सावरतं. मधले ते काही क्षण टब सांभाळायचं काम त्या चार रॉडांचं असतं.